शेजारच्या मोकळ्या कुत्र्यांनी परसातल्या अकरा कोंबड्या मारल्या. आता काय करावे?

आगरवाट (धागाकर्ता), ३ मार्च, रात्री ९.४०

आम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. घरामागच्या परसात गेली सहा वर्षे पंधरा-वीस गावठी कोंबड्या असतात. हा काही धंदा नव्हे, पण अंड्यांच्या पैशांतून पत्नीचा किरकोळ खर्च सुटतो आणि त्या पैशांचा हिशेब ती कोणाला देत नाही. गेल्या मंगळवारी आम्ही दोघे बँकेच्या कामासाठी तालुक्याला गेलो होतो. दुपारी अडीचला परतलो तेव्हा परसात, पन्हळीत आणि विहिरीच्या कठड्यावर सगळीकडे पिसे पडलेली होती. एकोणीसपैकी अकरा कोंबड्या मेल्या होत्या. त्यातली जेमतेम एक खाल्लेली होती, बाकीच्या नुसत्या फाडून टाकलेल्या होत्या. पडवीतल्या डालग्याखाली नऊ अंड्यांवर बसवलेली खुडूक कोंबडी होती, तिचा सतरावा दिवस होता. डालगे उलटे पडले होते, ती चुलीपाशी मरून पडली होती आणि अंडी गार झाली होती. आणखी चार दिवस गेले असते तर पिल्ले बाहेर आली असती, हे पत्नीच्या अजून तोंडून जात नाही.

कुत्री कोणाची याबद्दल शंका नाही. आमच्यापासून तिसऱ्या घरी भाऊबंदांकडे दोन कुत्री आहेत, दोघांच्या गळ्यात पट्टे आहेत, आणि त्यातला तांबडा कुत्रा आम्ही आलो तेव्हा केळीच्या बुंध्याशी कोंबडी तोंडात धरून उभा होता. मी त्या घरी जाऊन सांगितले, तेव्हा मला तीन गोष्टी ऐकवण्यात आल्या. पहिली, कुत्री वानरांसाठी ठेवली आहेत, ती बांधली तर वाडीत कोणाच्याच घरी केळीचा घड यायचा नाही. दुसरी, तुमच्या कोंबड्या आमच्या मिरचीचे वाफे उकरतात ते आम्ही कधी बोललो का? आणि तिसरी, परस काही तुमच्या एकट्याच्या नावावर नाही.

तिसरी गोष्ट खरी आहे. सातबारा सामाईक आहे, आणि मधला गडगा दोन पावसाळ्यांपूर्वी दोन ठिकाणी ढासळला तो कोणी बांधायचा यावरून तसाच राहिला आहे. मला भांडण नको आहे, पण गप्प बसणेही जमत नाही. भरपाई मागता येते का? पोलिसांत जावे का? आणि मुख्य म्हणजे उरलेल्या आठ कोंबड्या कशा राखाव्यात?

काळी तलंग, ३ मार्च, रात्री १०.२५

दादा, वाचून वाईट वाटले. कायद्याचे जाणकार सांगतीलच, पण उरलेल्या आठांकडे आज रात्रीच पाहा. पिसांखाली दातांच्या खुणा असतात आणि वरून काही दिसत नाही, म्हणून प्रत्येक कोंबडी हातात घेऊन पाठीवरची आणि शेपटीच्या बुडाची पिसे फुंकर मारून बाजूला करून पाहा. जखम असेल तर मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन ती कोंबडी वेगळ्या खोक्यात, अंधाऱ्या जागी ठेवा. रक्त दिसले की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात आणि कुत्र्यापासून वाचलेली कोंबडी आपल्याच कळपाकडून मरते. या दिवसांत जखमेवर माशी बसू देऊ नका. उरलेल्या कोंबड्या आठवडा-दोन आठवडे अंडी देणार नाहीत, त्याने घाबरू नये.

मेलेल्या कोंबड्या पुरल्या असतील तर खड्डा खोल आहे ना, वर चुना टाकला आहे ना, हे पाहा. उथळ पुरले तर तीच कुत्री उकरायला परत येतात.

आणखी एक. आपण कुत्रा डोळ्यांनी पाहिला म्हणून आपल्या बाबतीत वाद नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिते. रानमांजर बहुधा एक कोंबडी उचलून घेऊन जाते. मुंगूस मान किंवा डोके धरते. कुत्रा मात्र पळणाऱ्या प्रत्येक कोंबडीच्या मागे लागतो, पाठीला धरून झटकतो आणि पुढचीकडे वळतो. भूक हे त्याचे कारण नसतेच, म्हणून "आमची कुत्री पोटभर जेवतात" या उत्तराला अर्थ नाही.

आगरवाट, ४ मार्च, सकाळी ७.१५

ताई, आभार. दोघींच्या पाठीवर खुणा निघाल्या, त्यांना वेगळे ठेवले आहे. एक काळी कोंबडी फणसावर चढून बसली होती, ती आज सकाळी उतरली. पुरताना चुना टाकला नव्हता, आज टाकतो.

उंबरठा, ४ मार्च, दुपारी १२.०५

मी तालुका न्यायालयात तीस वर्षे वकिली केली आहे, आता करत नाही. म्हणून हा सल्ला मोफत आहे आणि थोडा कडूही आहे.

आपल्या फौजदारी कायद्याला कोंबडीची फारशी काळजी नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम २९१ मध्ये आपल्या ताब्यातील प्राण्याबाबत हयगय करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितले आहे. पण त्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असला पाहिजे. कुत्रा आपल्या नातवाच्या अंगावर गेला तर हे कलम चालेल, कोंबडीच्या अंगावर गेला तर चालणार नाही. आगळिकीचे, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचे जाणूनबुजून नुकसान करण्याचे, कलम लावायचे तर मालकाचा हेतू किंवा त्याला असलेली जाणीव सिद्ध करावी लागते, आणि "मला काय माहीत, तो असे करील" एवढ्या एका वाक्यावर ते प्रकरण अडते. कोंडवाड्याचा मार्गही बंद आहे. १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्यात गुरांच्या व्याख्येत म्हशी, घोडे, गाढवे, डुकरे, शेळ्या-मेंढ्या आहेत, उंट आणि हत्तीसुद्धा आहेत, पण कुत्रा नाही. आपल्या शेजाऱ्यांच्या माहितीसाठी, त्यात कोंबडीही नाही.

उरतो दिवाणी मार्ग. नुकसानभरपाईचा हा भाग आपल्याकडे एखाद्या संहितेत लिहिलेला नाही. न्यायालये निवाड्यांवर आणि जुन्या इंग्रजी तत्त्वांवर चालतात, आणि त्यातले तत्त्व असे की, पाळीव जनावराने केलेल्या नुकसानीबद्दल मालकाला जबाबदार धरायचे तर त्या जनावराची ती खोड मालकाला आधीपासून ठाऊक होती हे दाखवावे लागते, किंवा मालकाची सरळ हयगय दाखवावी लागते. म्हणजे पहिल्या वेळी मालकाकडे सबब असते. दुसऱ्या वेळी ती राहत नाही, पण पहिली वेळ त्याला कळवली होती याचा पुरावा आपल्याजवळ असेल तरच.

म्हणून मंगळवारी आपण त्यांच्या अंगणात जाऊन जे बोललात त्याची किंमत माणुसकीच्या हिशेबात असेल, न्यायालयात नाही. आजच एक साधे पत्र लिहा. तारीख, वेळ, कोंबड्यांची संख्या, कोणता कुत्रा कोणी पाहिला, आणि यापुढे कुत्री आवरावीत ही विनंती. शिवीगाळ नको, धमकी नको. पोचपावतीच्या टपालाने पाठवा आणि प्रत ग्रामपंचायतीला द्या. छायाचित्रे काढली असतील ती पुसू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात जखमी कोंबड्या दाखवून नोंद करून घ्या. भरपाईच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, घाई नाही. अकरा कोंबड्यांसाठी दावा लावण्याऐवजी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून लोकअदालतीत दाखलपूर्व तडजोड मागता येते, तिथे न्यायालयीन शुल्क लागत नाही.

सडेतोड, ४ मार्च, दुपारी १.३०

एवढे कागद कशाला रंगवायचे? कोंबडीच्या आतड्यात औषध घालून गडग्यावर ठेवा. दोन दिवसांत प्रश्न मिटेल. आमच्याकडे असेच करतात.

उंबरठा, ४ मार्च, दुपारी २.१०

सडेतोड, आपल्याकडे असेच करत असतील तर आपल्याकडच्या लोकांना त्याच न्याय संहितेचे कलम ३२५ कळवा. जनावराला विष देणे, ठार मारणे, जायबंदी करणे याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीसाठी थांबावे लागत नाही. १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा आहे तो वेगळाच. आज धागाकर्त्याची बाजू स्वच्छ आहे. विषाचा एक तुकडा ठेवला की संध्याकाळपर्यंत आरोपी तो होईल आणि कुत्र्याचा मालक फिर्यादी. शिवाय तो तुकडा तांबडा कुत्राच खाईल याची हमी कोणी दिली आहे?

डोळ्यांसमोर कुत्रा कोंबडीवर झडप घालत असताना काठी उगारणे, दगड मारून हाकलणे ही निराळी गोष्ट आहे. मोठे नुकसान टाळण्यासाठी, सद्भावनेने, तेवढ्यापुरते केलेले कृत्य संहितेच्या कलम १९ मध्ये बसू शकते. कुत्रा परत गेल्यावर त्याच्या मागे जाऊन सूड घेणे त्यात बसत नाही.

कलमी हापूस, ४ मार्च, सायंकाळी ६.४५

माझी बाजू कोणाला आवडणार नाही, पण मांडतो. माझ्याकडे तीन कुत्री आहेत आणि तीही मोकळी असतात. ज्याने वानरांच्या टोळीने दहा मिनिटांत केळीची बाग मोडलेली पाहिली नाही, त्याने "कुत्रा बांधून ठेवा" हे वाक्य जपून उच्चारावे. बांधलेला कुत्रा भुंकतो, आणि वानरांना चार दिवसांत कळते की हा भुंकण्यापलीकडे काही करू शकत नाही. ही कुत्री सगळ्या वाडीची राखण करतात हे शेजाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही.

पण त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली आहे. वानरे येण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. आमच्याकडे ती उजाडल्यापासून दहा-अकरापर्यंत येतात, मग भर दुपारी झाडीत बसतात. भर दुपारी कुत्रा मोकळा ठेवण्यात राखण कसली? तेव्हा त्यालाही काम नसते, म्हणून तो कोंबड्यांच्या मागे लागतो. आपले नुकसान किती वाजता झाले ते पाहा. माझी कुत्री अकरा ते चार बांधलेली असतात, आणि यात कुत्र्यांचेही काही बिघडत नाही, ती झोपतात.

थेम्सकाठचा, ५ मार्च, रात्री १.२०

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि घरामागे सहा कोंबड्या पाळतो. उंबरठा यांनी ज्या जुन्या इंग्रजी तत्त्वाचा उल्लेख केला ते इथे कुत्र्या-कोंबड्यांपुरते केव्हाच मागे पडले आहे. १९७१ च्या प्राणी कायद्यानुसार कुत्र्याने पशुधन मारले तर मालक थेट जबाबदार असतो. कुत्र्याची खोड त्याला ठाऊक होती की नव्हती हा प्रश्नच येत नाही, आणि पशुधनाच्या व्याख्येत कोंबड्यांचा स्पष्ट समावेश आहे. दुसरा काहीच उपाय नसताना कुत्र्याला मारावे लागले तर तोही बचाव होऊ शकतो, पण अठ्ठेचाळीस तासांत पोलिसांना कळवावे लागते.

त्याच कायद्यातला एक अपवाद मात्र आपल्या मिरचीच्या वाफ्याला लागू पडेल असा आहे. कोंबडी स्वतः भटकत शेजाऱ्याच्या जमिनीत गेली आणि तिथे त्याच शेजाऱ्याच्या कुत्र्याने तिला मारले, तर या कलमाखाली भरपाई मिळत नाही. भारतात हा कायदा लागू नाही हे उघड आहे, पण मध्यस्थ माणूस पहिला प्रश्न हाच विचारील असे वाटते: कोंबड्या मेल्या त्या कोणाच्या बाजूला?

आगरवाट, ५ मार्च, सकाळी ८.००

नऊ आमच्या परसात, एक पडवीत, म्हणजे घराच्या छपराखाली, आणि एक गडग्याच्या पलीकडे. पलीकडच्या त्या एकीबद्दल मी आता बोलणार नाही. मिरचीचे वाफे उकरले जातात हेही खरे आहे, मी ते पूर्वी हसण्यावारी नेले होते. पत्र काल पाठवले.

पण सामाईक सातबाऱ्याचे काय? मी गडग्याच्या आत जाळीचे कुंपण घालायला गेलो तर तेवढ्यावरूनही अडवतील.

चतुःसीमा, ५ मार्च, सकाळी ११.३०

भूमी अभिलेखात नोकरी झाली आहे, म्हणून लिहितो. वाटप होईपर्यंत सामाईक जमिनीच्या प्रत्येक वितीवर प्रत्येक सहहिस्सेदाराचा हक्क असतो. म्हणून पक्के कुंपण घालून दुसऱ्याला वगळले तर तो हरकत घेऊ शकतो, आणि ती हरकत टिकू शकते. पण याचाच दुसरा अर्थ असा की, "परस तुमच्या एकट्याचे नाही" म्हणणाऱ्यांचेही ते एकट्याचे नाही, आणि आपल्या जनावराकडून सहहिस्सेदाराचे नुकसान होऊ देण्याचा हक्क सातबाऱ्याच्या उताऱ्यातून कोणाला मिळत नाही. कोंबड्या मात्र सामाईक नाहीत. त्या पूर्णपणे आपल्या आहेत.

कायमचा उपाय हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. सगळ्यांची संमती असेल तर काम सरळ होते. कोणी हक्काचाच वाद काढला तर मात्र दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. मुंबईत राहणाऱ्या चुलत्यांच्या सह्या गोळा करण्यात किती वर्षे जातात हे कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको. हद्दीच्या मोजणीचा अर्जही वाटप झाल्यावरच उपयोगी पडेल, आज त्यावर पैसे घालवू नका.

तोपर्यंत जमिनीत काहीच रोवू नका. उचलून नेता येईल असा पिंजरा करा. हलवता येणाऱ्या वस्तूला कोणी बांधकाम म्हणत नाही.

जांभा चिरा, ५ मार्च, रात्री ८.५०

वरच्या सूचनेत थोडी भर घालतो, कारण मी असे चार पिंजरे बनवले आहेत आणि पहिले दोन वाया गेले आहेत.

बाजारात कोंबडी जाळी म्हणून षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. माझ्याकडच्या कुत्र्याने ती दातांनी फाडली होती. वेल्डमेश, म्हणजे सांध्यांवर वेल्डिंग केलेली कडक तारेची जाळी, घ्या, एक इंची भोकाची, जस्ताचा मुलामा दिलेली, नाहीतर आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांत ती गंजून हातात येते. चौकट लोखंडी पाइपाची करा, किंवा चांगल्या वाळलेल्या चिव्याच्या बांबूची. चिवा हलका पडतो, पण दर दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो. वरून घारीसाठी मासेमारीचे जुने जाळे पुरेल असे पुष्कळांना वाटते. घारीला ते पुरते, पण कुत्रा उडी मारून त्यावर पडला तर जाळ्यासकट आत येतो, म्हणून छपरालाही वेल्डमेशच लावा.

कुत्रा दोन ठिकाणांहून आत शिरतो. एक म्हणजे जाळीच्या बुडातून. तो अगदी जाळीला लागूनच उकरतो, मागे सरून उकरायचे त्याला सुचत नाही. म्हणून दीड फूट रुंदीची जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरा, ती पिंजऱ्याला तारेने बांधा आणि तिच्यावर चिरे ओळीने ठेवा. जमिनीत काही गाडावे लागत नाही, आणि चतुःसीमा यांचीही हरकत राहणार नाही. दुसरी जागा म्हणजे दार. आपण कडी आपल्या हाताच्या उंचीला लावतो आणि कुत्रा दाराचा खालचा कोपरा थोबाडाने रेटतो. खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दुसरी कडी लावा.

कुंपणाच्या तारेत झटका सोडणाऱ्या सौर यंत्राबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगतो. यंत्रातून क्षणभराचा झटका बसतो, त्याने जनावर मागे सरते. पण घरच्या मीटरवरून तारेत थेट वीज सोडली तर माणूस मरतो, आणि अशी माणसे मेली आहेत. तो विचार मनातही आणू नये.

आगरवाट, ११ एप्रिल, रात्री ९.१०

सव्वा महिना झाला, म्हणून काय झाले ते लिहितो.

पत्र पोचल्यावर शेजारी प्रथम रागावले. भाऊबंदांत टपालाने पत्र पाठवतात का, असे त्यांनी वाडीत चौघांना विचारले. मग तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष स्वतःच आले. गावातले तंटे गावातच मिटवण्याची ती मोहीम २००७ साली सुरू झाली तेव्हापासूनचे ते गृहस्थ आहेत आणि दोन्ही घरांत त्यांचा शब्द चालतो. बैठक आमच्या पडवीतच झाली. मी कलमी हापूस यांचे वेळांचे गणित मांडले, आणि आश्चर्य म्हणजे शेजाऱ्यांच्या सुनेने ते लगेच मान्य केले. दुपारी कुत्री कुठे जातात हे आपल्यालाही ठाऊक नसते, असे तीच म्हणाली. ठरले ते असे. कुत्री उजाडल्यापासून अकरापर्यंत मोकळी, मग बांधलेली. आमच्या कोंबड्या सकाळी पिंजऱ्यातच, दुपारी चारनंतर बाहेर, आणि त्या वेळेत घरातले कोणीतरी परसात. मिरचीच्या वाफ्याला लागणारी जाळी मी आणून द्यायची. ढासळलेल्या गडग्याचा चिरा त्यांनी द्यायचा, मजुरी निम्मी-निम्मी. भरपाई म्हणून मी दहा कोंबड्यांचे पाच हजार मागितले होते, तीन हजार ठरले, दोन हप्त्यांत. पहिला हप्ता मिळाला आहे. हे सगळे एका कागदावर लिहून दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या.

दोन वेळा तांबडा कुत्रा दुपारी सुटलेला दिसला. एकदा पिंजऱ्याशी येऊन त्याने दाराचा खालचा कोपरा खरोखरच रेटला. खालची कडी होती.

सडेतोड, ११ एप्रिल, रात्री ९.३५

तीन हजारांत सोडलेत. अंड्यांचे नुकसान कोण देणार?

उंबरठा, ११ एप्रिल, रात्री १०.००

सडेतोड, त्या कागदावर कुत्र्यांच्या मालकाची सही आहे. कुत्रा कोंबड्या मारतो हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्याला आता कोणत्याही न्यायालयात म्हणता येणार नाही. उरलेल्या दोन हजारांत एवढे मिळाले तर ते महाग नाही. धागाकर्त्यांनी त्या कागदाची प्रत घरात एका जागी ठेवू नये, दोन जागी ठेवावी, कारण कोकणात पावसाळा आणि वाळवी दोन्ही आहेत.

आगरवाट, १२ एप्रिल, सकाळी ६.५०

प्रत काढून बहिणीकडे दिली आहे. आता शेवटची एक अडचण, आणि ती कायद्याची नाही. फणसावर चढलेली ती काळी कोंबडी अजून रोज संध्याकाळी फणसावरच जाते. पिंजऱ्यात दाणे टाकले, हाका मारल्या, उपयोग होत नाही. सकाळी कुत्री मोकळी असताना ती एकटी खाली उतरते, आणि नेमकी तीच वेळ धोक्याची आहे.

काळी तलंग, १२ एप्रिल, सकाळी ९.२०

हाका मारून ती येणार नाही, दादा. पूर्ण अंधार पडल्यावर जा. कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती गप्प बसून राहते. शिडी लावून दोन्ही पंख अंगाशी दाबून धरा, उतरवून पिंजऱ्यातल्या दांडीवर इतर कोंबड्यांच्या मध्ये बसवा आणि सलग पाच-सहा दिवस बाहेर सोडू नका. दांडी उंच ठेवा, छपराखाली जेमतेम बसता येईल इतकी. तिला सध्या उंचीशिवाय कशाचाच भरवसा वाटत नसणार. विजेरीचा उजेड तिच्या डोळ्यांवर पाडू नका, नाहीतर ती आणखी वरच्या फांदीवर जाईल.